ओढायचे सूर

१

दुपारी एकला तलाव बंद व्हायचा, तीनला उघडायचा. मधले दोन तास पाणी विश्रांती घेतं, असं पंपवाले मामा सांगायचे. खरं तर विश्रांती मामाच घ्यायचे, पंपघरातल्या बाकावर, तोंडावर टॉवेल टाकून. पंप बंद, शॉवर बंद, पोरांचा कालवा बंद. छताजवळच्या काचांमधून उन्हाच्या चार पट्ट्या पाण्यावर उतरायच्या आणि तिथेच आळसावून पडायच्या. त्या वेळात बदकबाई उथळ बाजूच्या काठावर प्लास्टिकची खुर्ची ओढून बसायची आणि माउथ ऑर्गन शिकायची.

शिकायची म्हणजे काय, झटापट करायची.

बदकबाई हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. पण चालताना तिचे पाय जरा बाहेर पडायचे, आणि मागे दहा-बारा चिमुरड्यांची रांग असायची. नाव पडायला आणखी काय लागतं? वीस वर्षं ती ह्या तलावावर पाच-सहा वर्षांच्या मुलांची पाण्याची भीती घालवत होती. तोंड पाण्यात बुडवायचं, श्वास सोडायचा, बुडबुडे काढायचे. ऐकायला सोपं वाटतं. पण आईच्या कमरेला चिकटलेल्या पोराला तिथून सोडवून, त्याचं नाक पाण्याला लावून, त्याच्याकडून एक बुडबुडा काढून घेणं म्हणजे काय, ते ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. पहिला बुडबुडा निघाला की पोर वर येऊन असं काही बघायचं, जणू तो बुडबुडा त्यानेच जगात पहिल्यांदा शोधून काढलाय. त्या बघण्यासाठी बदकबाई वीस वर्षं क्लोरीनचा वास अंगावर वागवत होती.

मग तिला न्यूमोनिया झाला. पंधरा दिवस हॉस्पिटलात काढून घरी आली, तर डावं फुप्फुस रुसलेलं. फिजिओथेरपीवाल्या मुलीने तिच्या हातात तीन चेंडूंचं यंत्र दिलं. प्लास्टिकच्या तीन नळ्या, प्रत्येकीत एक चेंडू. तोंडात नळी धरून श्वास आत ओढायचा की चेंडू वर चढतात.

"तिन्ही चेंडू वर गेले की पाण्यात उतरायचं, काकू. तोपर्यंत पाण्यात पाय नाही."

बदकबाईने ओढला. पहिला चेंडू जरासा हलला आणि परत बसला. तसंही 'काकू' ऐकूनच तिचं अर्धं अवसान गेलं होतं.

तलावाच्या मॅनेजरने तिला पास द्यायच्या खिडकीत बसवलं. तिची बॅच नव्या शिक्षकाकडे गेली. "एक तारखेला नवी बॅच सुरू होतेय," मॅनेजर म्हणाला. "तोवर पाण्यात उतरलात तर ती तुमची. नाही उतरलात, तर ती कायमची त्याची. खिडकी वाईट नाही हो, बाई. पंखा आहे."

पंखा होता, खरंच. पण खिडकीतून पोरांची फक्त कपाळं दिसायची.

२

"चेंडूंचा कंटाळा येत असेल तर माउथ ऑर्गन घ्या," असं फिजिओवालीनेच सुचवलं होतं. "त्यात नुसतं फुंकून भागत नाही, ओढावंही लागतं. फुप्फुसाला बरा व्यायाम."

नवऱ्याने त्याच संध्याकाळी आणला. चार दिवसांनी तो म्हणाला, "आजवर तुला देऊन पस्तावलो अशी ही पहिलीच वस्तू."

फुंकायचं तिला पहिल्याच दिवशी जमलं. वीस वर्षं फुंकणंच तर शिकवत होती. चार नंबरच्या भोकावर फुंकलं की सा, पाचावर ग, सहावर प. खणखणीत. घोडं अडलं ते ओढायला. कारण त्याच भोकांवर श्वास आत ओढला की मधले सूर निघतात. चारावर रे, पाचावर म, सहावर ध. आणि सातव्या भोकाचा कारभार उलटा. तिथे आधी ओढून नी, मग फुंकून वरचा सा.

आणि बदकबाई श्वास ओढायला गेली की मान डावीकडे वळवायची.

हे तिला कळायलाच दोन दिवस गेले. पोहणारी बाई. पाण्यात श्वास सोडायचा, मान वळवून तोंड बाहेर काढायचं, अर्ध्या क्षणात हवेचा घास घ्यायचा आणि परत आत. हाडात मुरलेलं. त्यामुळे सा वाजायचा, मान टुणकन डावीकडे जायची, तोंड उघडून गप्पकन हवा आत, आणि माउथ ऑर्गन उजव्या हातात तसाच, विसरल्यासारखा.

"तुझ्या सरगमेचे दात पडलेत," नवरा म्हणाला. "सा, मग खिंडार. ग, मग खिंडार."

"अहो, हसताय काय, मदत करा."

त्याने दोन्ही हातांनी तिची हनुवटी घट्ट धरली. "हं. ओढ आता."

तिने ओढला. मान वळली. नवऱ्याचा चष्मा सोफ्याखाली गेला.

चष्मा शोधायला गुडघ्यांवर बसल्या बसल्या तो म्हणाला, "तुमच्या तलावावर दुपारी कुणी नसतं ना गं? बघ म्हणजे. मी आपलं सुचवलं."

३

तलावावर सूर छान घुमायचे. फरशा, पाणी, उंच छत. साधा सा फुंकला तरी तो पलीकडच्या भिंतीला हात लावून परत यायचा. बदकबाई खूश झाली. इथे तिचं फुंकणंसुद्धा संगीत वाटत होतं.

तिने पोरांसाठी स्वतःच रचलेलं एक गाणं होतं. 'गाल फुगवा, नाक बुडवा, बुडबुड्यांची गाडी.' तीन ओळींचं, गाणं म्हणायलाही लाज वाटावी असं. तेच वाजवायला शिकून एक तारखेला पोरांसमोर वाजवायचं, असं तिने ठरवलं होतं. त्यासाठी फार काही नाही, सरगम हवी होती. पुरी. दातांसकट.

तिसऱ्या दिवशी तिने सा फुंकला. मान वळली. हवेचा घास घेतला.

आणि रे वाजला.

जरा थरथरता, जरा ओला, पण रे. तिने ग फुंकला. मान वळली. म वाजला! प. ध. मग नी, आणि तिने दणकून वरचा सा फुंकला आणि खुर्चीतल्या खुर्चीत नाचलीच. लगेच नवऱ्याला फोन लावला. "ऐका, ऐका, काही बोलू नका." फोन मांडीवर ठेवून तिने सगळी सरगम परत वाजवली.

"आयला!" नवरा म्हणाला. "जमलं की गं तुला! आता फक्त ते मधले सूर लांबून येतायत. जवळ धर जरा."

"जवळच आहे. तोंडातच आहे."

"मग घशातून येत असतील," तो म्हणाला. "पण बेस्ट."

घरी जाऊन तिने ऐटीत माउथ ऑर्गन काढला. सा. मान वळली. खिंडार.

"थकली असशील," नवरा म्हणाला. तो मनाने चांगला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने लक्ष ठेवून केलं. सा फुंकला. मान वळली, वळू दिली. तोंड उघडं, हवा आत. डोळ्यांच्या कोपऱ्यातून तिला आपला उजवा हात दिसत होता. हातात माउथ ऑर्गन, तोंडापासून वीतभर लांब. त्याला कुणाचाच श्वास लागत नव्हता.

रे वाजला.

४

बदकबाई काही भित्री बाई नव्हती. खोल बाजूच्या तळातून तिने आजवर बांगड्या, चष्मे, एक कवळी आणि एक मॅनेजर बाहेर काढला होता. तिने आधी नीट विचार केला.

पडसाद असेल. पण पडसाद म्हणजे नक्कल. तिने काढलाच नाही त्या सुराची नक्कल कोण कशी करणार? मग पंप असेल.

"मामा, दुपारी एखादा पंप चालू राहतो का हो?"

मामांनी टॉवेल एका डोळ्यावरून बाजूला केला. "माझ्या झोपेवर संशय घ्या, बाई. पंपांवर नको. एकला बंद म्हणजे बंद."

"नळ्यांमधून हवा वगैरे? शिट्टीसारखी?"

"शिट्टी तुमचीच चाललेली असते." मामा उठून बसले. "एक सांगू का पण? आठ दिवसांपासून एक ते तीनमध्ये पाणी बोटभर उतरतं. मी खुणेची पट्टी बघतो ना. गळती म्हणावी तर बाहेर कुठे ओल नाही. आणि चारपर्यंत आपोआप जागेवर येतं. आता बोला."

बदकबाईने मनातल्या मनात हिशेब केला. आठच दिवस तर ती तिथे वाजवत होती.

"ऊन असेल," ती म्हणाली.

"हो, ऊनच," मामा म्हणाले, आणि दोघांनीही एकमेकांकडे न बघता ते मान्य करून टाकलं.

५

नवल म्हणजे तिला भीतीपेक्षा मजाच जास्त वाटत होती. कुणी का असेना, साथ छान देत होतं. ती सा म्हणायची, तिकडून रे. ती ग, तिकडून म. लहानपणी अंगणात पलीकडच्या मुलीशी टाळ्यांचा खेळ खेळायची ना, तसं. आपला हात हवेत गेला की समोरचा हात येणारच, ही खात्री. एकदा ती मुद्दाम चुकली, दोनदा सा फुंकला, तर तिकडून दोनदा रे आला, दुसरा जरा रागाने. ती खो खो हसली. हसण्याने छत घुमलं.

आणि खरी गंमत अशी, की तो ओढलेला सूर कानांनी ऐकता ऐकता तिच्या छातीला कळायला लागलं, ओढणं म्हणजे काय ते. घास नाही घ्यायचा. सावकाश, दोरी खेचल्यासारखं. एक दिवस मान वळलीच नाही आणि रे दोन ठिकाणी एकदम वाजला, इथे आणि तिथे. घरी पहिला चेंडू वर गेला. चार दिवसांनी दुसरा.

"तू अलीकडे गुणगुणतेस," नवरा म्हणाला. "कुणी भेटलंय का?"

"भेटलं असं नाही म्हणता येणार," ती म्हणाली. तो हसला. ती हसली नाही, हे तिच्या दोन क्षणांनी लक्षात आलं, मग तीही हसली.

मग तो शुक्रवार. कुणीतरी विसरलेली थर्माकोलची फळी पाण्यावर तरंगत होती, उथळ बाजूला, तिच्या पायांजवळ. तिने सा फुंकला. रे आला. आणि फळी हातभर सरकली. खोल बाजूकडे. तिने ग फुंकला. म आला. फळी आणखी हातभर सरकली. सूर थांबला की थांबायची. पंप बंद, वारा नाही, पाणी काचेसारखं. खोल बाजूच्या तळाशी पाणी पंपाकडे जायला एक मोठी जाळी होती; सरगम संपली तेव्हा फळी तिच्या बरोबर वर जाऊन उभी होती.

तेव्हा बदकबाईच्या डोक्यात ते आलं. इतके दिवस कसं आलं नाही कोण जाणे.

तिकडून येतात ते सगळे ओढायचे सूर. रे, म, ध, नी. सा कधीच नाही. ग नाही, प नाही. फुंकलेला एकही नाही. तीन आठवडे कुणीतरी नुसता श्वास घेतंय. पाण्याखाली. आणि एकदाही सोडलेला नाही.

तिने माउथ ऑर्गन खिशात घातला आणि शांतपणे चालत खिडकीत जाऊन बसली. पंखा फुल्ल केला. तरी घाम येत होता.

६

शनिवार, रविवार, सोमवार ती काठावर गेलीच नाही. घरी सराव केला. तिसरा चेंडू जागचा हलेना. एक तारीख पाच दिवसांवर आली होती. खिडकीतून तिला नव्या शिक्षकाचा वर्ग दिसत होता. तो वाईट नव्हता, पण पोरांना ओळीत उभं करून शिट्टीवर बुडवत होता, आणि एक चष्मेवाली मुलगी रोज शेवटून पहिली, रोज काठाला धरून रडत होती. बदकबाईचे हात खिडकीच्या फळीवर आपोआप पुढे व्हायचे, तळवे वर, पोराला धरायला.

आणि आणखी एक होतं. ते ती स्वतःशीसुद्धा जरा कुरकुरतच कबूल करत होती. वीस वर्षांत असं पोर तिने अनेकदा पाहिलं होतं. घाबरून श्वास घेतं, घेतं, घेतं, छाती भरून लाल होतं, आणि सोडायचं त्याला सुचतच नाही. कारण त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. त्याची भीती वाटत नाही. त्याच्याजवळ जायचं असतं.

मंगळवारी दुपारी एकला मामा टॉवेलखाली गेल्यावर ती खोल बाजूला गेली. काठावर पालथी झोपली. पाण्यात पाय नाही, असं सांगितलं होतं. तोंडाबद्दल कुणी काही बोललं नव्हतं.

"हे बघ," ती पाण्याला म्हणाली. स्वतःचा आवाज ऐकून तिला आधी लाजच वाटली, मग वर्गातला आवाज आपोआप लागला. "घेतोस ते छान घेतोस. पण आता सोडायचं. कसं ते बघ. गाल फुगवा, नाक बुडवा..."

तिने तोंड पाण्यात घातलं, डोळे उघडे ठेवले आणि फुंकलं.

बुडबुडे निघाले. तिच्या नाकासमोर क्षणभर रेंगाळले. आणि खाली गेले.

खाली. एकामागोमाग एक, ओळीने, घाई न करता, शाळा सुटल्यावर पोरं घरी जातात तसे. निळ्या फरशांवरून तिरके होत, बारीक बारीक होत, ते थेट जाळीपर्यंत गेले आणि जाळीच्या फटींमधून आत शिरले. शेवटचा एक जरा मागे राहिला होता. त्याला खेचून घेतल्यासारखं झालं. आणि तळातून, तिच्या कवटीतच वाजावा तसा, रे आला.

बदकबाईने तोंड बाहेर काढलं. केसांतून पाणी निथळत होतं. दात वाजत होते. तिला पळावंसं वाटत होतं, आणि तिचे पाय तशी तयारीही करत होते. पण चूक डोळ्यांसमोर झाली की ती दुरुस्त केल्याशिवाय उठता येत नाही, ह्या एका सवयीने मास्तर लोकांचा आजवर घात केलाय.

"चुकलं," ती म्हणाली. "माझा घ्यायचा नाही. तुझा सोडायचा. परत."

बुधवारी परत. गुरुवारी परत. बुडबुडे खालीच जात होते, पण गुरुवारी ते मध्येच एकदा थबकले, जणू कुणीतरी विचारात पडलं. "अस्सं!" ती आनंदाने ओरडली. पंपघरात मामांचा टॉवेल पडला असावा. "काय झालं, बाई?"

"काही नाही मामा. जमत आलंय!"

"तुम्हाला?"

"मलापण!"

शुक्रवारी सकाळी फिजिओवालीसमोर तिने नळी तोंडात धरली आणि दोरी खेचल्यासारखा, सावकाश, श्वास ओढला. पहिला चेंडू. दुसरा. तिसरा जरा थरथरला, आणि चढला. चढला आणि वर टेकून राहिला. फिजिओवालीने टाळ्या वाजवल्या. बदकबाईने तिला मिठी मारली, इतकी घट्ट, की आता त्या पोरीलाच चेंडू उचलावे लागतील असं वाटलं.

दुपारी ती धावतच काठावर गेली आणि सगळी सरगम वाजवली. सा, रे, ग, म, प, ध, नी, सा. सगळे दात. सगळे स्वतःचे. मान सरळ.

तिकडून काहीच आलं नाही.

ती थांबली. तिला, खरं सांगायचं तर, जरा वाईटच वाटलं. आनंदाची बातमी सांगायला जावं आणि दाराला कुलूप दिसावं तसं. तिने परत सा फुंकला आणि वाट पाहिली.

मग खोल बाजूला, जाळीच्या वर, एक बुडबुडा आला. वर आला. संत्र्याएवढा. पाण्यावर येऊन फुटला. एकच.

"शाब्बास!" बदकबाई कुजबुजली. आणि तिच्या अंगावर काटा आला, तो कौतुकाचा की कसला, हे तिलाही सांगता आलं नसतं.

७

एक तारखेला सकाळी दहा वाजता बदकबाई शिडीवरून पाण्यात उतरली. पाणी घोट्याला लागलं, गुडघ्याला, कमरेला. छातीपर्यंत आलं तेव्हा तिने डोळे मिटून घेतले. आपल्याच घराच्या किल्लीने दार उघडावं तसं वाटलं. काठावर अकरा पोरं, काही नवी, काही शिट्टीवाल्या वर्गातली, रंगीत रबरी टोप्या घालून बसली होती. टोपीशिवाय पाण्यात यायचं नाही, हा तलावाचा नियम. प्रत्येकाला आपली टोपी घट्ट होते, ही प्रत्येकाची तक्रार. चष्मेवालीची सगळ्यात जास्त.

बदकबाईने खिशातून, म्हणजे शिडीला अडकवलेल्या पिशवीतून, माउथ ऑर्गन काढला, 'बुडबुड्यांची गाडी' आधी एकदा म्हणून दाखवलं आणि मग वाजवलं. तीनही ओळी. पोरं आरडाओरडा करून सोबत म्हणायला लागली. मामा पंपघराच्या दारात येऊन उभे राहिले. खिडकीतून मॅनेजरने वाकून बघितलं. एवढ्याशा गाण्याला एवढा मान आजवर मिळाला नव्हता.

"चला, एकेक जण आत. दांडी धरा. गाल फुगवा!"

गालांच्या अकरा जोड्या फुगल्या.

"नाक बुडवा! सोडा!"

बुडबुड बुडबुड बुडबुड. चष्मेवालीसुद्धा! ती वर आली ती तोंडभर हसत, डोळे हे एवढे मोठे. "बाई, माझा निघाला! माझा निघाला!"

"बघितला मी! अगं, केवढा मोठा!"

"आणि तिकडचा कुणाचा?" चष्मेवालीने विचारलं.

बदकबाईने वळून पाहिलं. खोल बाजूला पाणी उकळत होतं. संत्र्याएवढे बुडबुडे, मग नारळाएवढे, मग घागरीएवढे, एकावर एक, न थांबता. आणि त्यांच्यासोबत तळातून एक सूर येत होता. तिने तो तिथून कधीच ऐकला नव्हता, पण ओळखायला क्षण लागला नाही. सा. फुंकलेला. लांबलचक, खर्जातला, पोटाशी धरून ठेवल्यासारखा सा. काठाच्या फरशा त्याने थरथरत होत्या. पोरांना तर आनंदाचं उधाण आलं. ती टाळ्या वाजवायला लागली.

"सगळे वर," बदकबाई म्हणाली. आवाज हसराच ठेवला. "पटकन. भिंतीजवळच्या बाकावर कोण आधी बसतं बघू. मामा, मोजा बरं." अकरा पोरं तिने एकेक करून स्वतःच्या हातांनी काठावर चढवली. मामांनी ओठ हलवत मोजली. अकरा. भिंतीला पाठ लावून बसली, पाय हलवत.

"बाई, तुम्हीपण या," मामा म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता.

शिडी तिच्यापासून दोन हातांवर होती. वर खिडकी होती, पंखा होता. बदकबाईने शिडीला हात लावला. चार आठवड्यांचा श्वास. कदाचित चार आठवड्यांचाच नव्हे. किती जुना, कुणाला माहीत. तो सुटत होता, सुटत होता, आणि पाणी काठावरून सांडून बाकांपर्यंत येत होतं. मग बुडबुडे विरळ झाले. घागरीएवढे, नारळाएवढे. सा बारीक होत होत धाग्याएवढा उरला. शेवटचा एक बुडबुडा आला. फुटला.

पाणी सपाट झालं.

"बाई," चष्मेवाली बाकावरून म्हणाली. ती हुशार होती, धडा पुढे वाचून ठेवणाऱ्यांपैकी. "त्याचा सगळा सोडून झाला. आता?"

उत्तर सगळ्यांनाच येत होतं. पोरांनी एका आवाजात ठोकून दिलं, "आता श्वास घ्यायला वर यायचं!"

बदकबाईचा हात शिडीवर होता. तिच्या पायांखालचं पाणी हळूच सरकलं. खोल बाजूला, जाळीच्या बरोबर वर, पाण्याचा पृष्ठभाग फुगायला लागला. चादरीखालून कुणीतरी उठून बसावं तसा. फरशांचा निळा रंग त्या फुगवट्यात हळूहळू काळा होत गेला.

पोर पहिल्यांदा वर येतं तेव्हा त्याला एकटं सोडायचं नसतं. त्या एका श्वासावर सगळं अवलंबून असतं. समोर ओळखीचा चेहरा दिसला तर जन्मभर पाणी आवडतं, नाही दिसला तर संपलं. तिने शिडी सोडली. दोन पावलं पुढे गेली. ती हसत होती, खरंखुरं, पहिल्या दिवशी हसते तसं. दोन्ही हात तिने पाण्यावर पसरले, तळवे वर.

"ये," ती म्हणाली. "घाबरायचं नाही. मी आहे."

पाणी दोन बाजूंना ओघळायला लागलं.

 भिंतीजवळच्या बाकावर चष्मेवालीने आपली घट्ट टोपी डोक्यावरून काढली, ती समोर धरून बघितली, मग तलावाकडे बघितलं, परत टोपीकडे.

"बाई," ती अगदी हळू म्हणाली, "ह्याला कुठलीच बसणार नाही."